गाळलेले वाक्य

वाचकहो, गेल्या अंकात या पानावर माझ्या एका सहकाऱ्याचा मजकूर होता. नेहमीची लेखिका कोठे गेली, अशी काही वाचकांनी आपुलकीने पत्रे पाठवून विचारणा केली. तिची आई पडली होती व ती आईपाशी आनेकलला गेली होती, एवढे उत्तर खरे तर पुरे होते. परंतु तेथे एका संध्याकाळी माझ्या हातून एक चूक घडली, आणि तीही माझ्या पोटापाण्याच्या धंद्यातली. बारा वर्षे मी या कचेरीत इंग्रजी-हिंदी मजकुराचे मराठी करीत आले आहे. मूळ मजकुरातील एकही वाक्य सुटता कामा नये, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. तो मी माझ्या आईच्या बाबतीत मोडला. आपल्यापैकी पुष्कळांवर असा प्रसंग येऊन गेला असेल, उरलेल्यांवर पुढेमागे येईल. म्हणून ती हकीकत येथे लिहीत आहे.

आनेकल हे बंगळूरच्या दक्षिणेस सुमारे ३५ किलोमीटरांवरील तालुक्याचे गाव. रेशमी लुगडी विणणाऱ्यांचे गाव ही त्याची जुनी ओळख. आता त्या तालुक्यात बोम्मसंद्र, जिगणी, अत्तिबेले अशा कारखान्यांच्या वसाहती पसरल्या आहेत, नाचणीच्या शेतांना खेटून उंच इमारती उभ्या आहेत, आणि बिहार, ओडिशा, आसामपासून माणसे पोटामागे येथे आली आहेत. माझा थोरला भाऊ त्यांतलाच एक. बाबा गेल्यावर आई कोल्हापूरचे बिऱ्हाड आवरून त्याच्याकडे चंदापूरला राहावयास गेली. तिला प्रथम तेथे नेले त्या दिवशी रस्त्यावरची आनेकलची पाटी दादाने वाचून दाखविली, तेव्हा मी लगेच आपले पांडित्य पाजळले : आने म्हणजे हत्ती, कल्लु म्हणजे दगड, तेव्हा हा हत्तीचा दगड. आई हसली व म्हणाली, "अगं, आनेकल्लु म्हणजे गारा. वळवात पडतात त्या." जुन्या गॅझेटियरातही या नावाचा अर्थ गार असाच दिलेला आहे, हे मला मागाहून कळले. आईचे माहेर निपाणीजवळचे. शेजार निम्मा मराठी, निम्मा कानडी. पण लग्नानंतरच्या पन्नासएक वर्षांत तिच्या तोंडून कानडी शब्द आम्ही मुलांनी क्वचितच ऐकला होता. ती भाषा ती विसरली असणार, असे आम्ही गृहीत धरले होते आणि गारांचा विषय तेथेच राहिला.

एका मंगळवारी पहाटे न्हाणीघरात पाय घसरून आई पडली. वय शहात्तर. उजवा पाय आखूड झाला होता व पाऊल बाहेरच्या बाजूस वळले होते. वहिनीने तिला उचलण्याचा प्रयत्न केला नाही, पायाखाली उशा दिल्या व गाडी बोलावली. हे शहाणपण सर्वांना सुचत नाही. त्या तालुक्यात रुग्णालयांना तोटा नाही. डॉ. देवी शेट्टी यांनी २००० साली बोम्मसंद्रला सुरू केलेल्या नारायण हृदयालयाभोवती आता रुग्णालयांची एक नगरीच वसली आहे. आईला नेले ते रुग्णालय निराळे व पुष्कळ लहान; त्याच्या नावाशी आपल्याला कर्तव्य नाही.

मी रात्रीच्या बसने निघाले. सकाळी बंगळूरला उतरून हिरव्या मेट्रोने आर. व्ही. रोडपर्यंत, आणि तेथून ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेल्या पिवळ्या मेट्रोने थेट शेवटच्या बोम्मसंद्र स्थानकापर्यंत गेले. वाटेतील प्रत्येक स्थानकाची घोषणा कानडीत व इंग्रजीत होत होती आणि मी सवयीप्रमाणे मनातल्या मनात तिचे मराठी करीत होते. चिंतेच्या वेळीही मनाला आपला चाळा सुटत नाही.

आईच्या मांडीचे हाड खुब्यापाशी, मानेत मोडले होते. ही मान मोडली की तिच्या टोकावरील गोळ्याला रक्त पुरविणाऱ्या बारीक वाहिन्या बहुधा तुटतात. मग वृद्धांचे हाड जुळण्याची आशा फारशी उरत नाही. म्हणून तो गोळा काढून त्या जागी धातूचा बसवितात. ऑस्टिन मूर या अमेरिकन शल्यविशारदाच्या नावाने ओळखला जाणारा असा गोळा आपल्याकडे कित्येक दशके वापरला गेला आहे. पूर्वी अशा रोग्याला पायाला वजन बांधून महिनेच्या महिने निजवून ठेवीत. पाठीला जखमा होत, छातीत कफ साचे, पायांतल्या शिरांत रक्त गोठे, आणि मोडलेल्या हाडापेक्षा अंथरुणच माणसाला नेई. माझी आजी, म्हणजे आईची आई, अशीच गेली. निपाणीच्या घरातील माजघरात ती चार महिने पडून होती. आता एकदोन दिवसांत शस्त्रक्रिया करावयाची आणि दुसऱ्याच दिवशी रोग्याला उभे करावयाचे, अशी जगभर रीत पडली आहे. घाई दिसते ती या कारणासाठी.

बुधवारी संध्याकाळी शल्यविशारद आले. धारवाडकडचे, चाळिशीचे, सौम्य बोलण्याचे गृहस्थ. आईला कोणती भाषा येते असे त्यांनी विचारले. "फक्त मराठी," मी म्हणाले. मग ते इंग्रजीत बोलत गेले व मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेले. गोळा कसा बसवितात, कमरेखालचा भाग कसा बधिर करतात, रक्तस्राव, जंतूंचा प्रादुर्भाव, बसविलेला गोळा निसटण्याची शक्यता. मी सारे नीट सांगितले. हेमोग्लोबिन थोडे कमी असल्यामुळे कदाचित रक्त द्यावे लागेल, हेही सांगितले. नंतर ते म्हणाले की, या वयात खुबा मोडणे ही गोष्टच गंभीर आहे. उपचार होऊनही अशा रुग्णांपैकी सुमारे पाचांत एक जण वर्षभरात दगावतो. शस्त्रक्रिया न केल्यास धोका पुष्कळ वाढतो, म्हणून ती करावी असा माझा सल्ला आहे. "हे त्यांना सांगा," असेही ते म्हणाले.

आई माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी म्हणाले, "डॉक्टर म्हणतात, वय झालंय, तेव्हा पुढं जरा जपायला हवं."

वाचकहो, हे वाक्य मी ठरवून रचले नाही. ते आपोआप आले, आणि इतके गुळगुळीत आले की स्वतःचीच भीती वाटावी. दादाने मग डॉक्टरांना कानडीत काही विचारले व त्यांनी कानडीतच उत्तर दिले. संमतीपत्र पुढे आले तेव्हा दादाने सही करण्यासाठी लेखणी उचललीही होती. डॉक्टरांनी ती त्याच्या हातातून हलकेच घेतली आणि आईच्या हातात दिली. आईने आपले पूर्ण नाव मराठीत लिहिले. सही करताना ती नेहमी "रा"चा काना फार लांब ओढते, तसाच ओढला.

त्या रात्री बाबांची आठवण येणे अपरिहार्य होते. सात वर्षांपूर्वी त्यांना जठराचा कर्करोग झाला. आम्ही तिघांनी, म्हणजे आई, दादा व मी, त्यांना व्रण आहे असे सांगितले. डॉक्टरांनाही तसे सांगण्याची गळ घातली, व त्यांनी ती मानली. बाबांचे आपल्या धाकट्या भावाशी शेताच्या वाटणीवरून वीस वर्षे बोलणे नव्हते. आजारपणात ते दोनतीनदा म्हणाले की, पोट जरा बरे झाले म्हणजे उन्हाळ्यात चिकोडीला जाऊन येऊ, आता पुरे झाले ते भांडण. उन्हाळा यावयाला सात महिने होते. आम्ही "हो, जाऊ या" म्हणालो. ते कार्तिकात गेले. काका आले ते तेराव्याला.

आपण हे प्रेमापोटी करतो, याविषयी मला शंका नाही. आणि ही केवळ आपल्या देशातील रूढी आहे असेही समजण्याचे कारण नाही. १९६१ साली शिकागो येथील डॉक्टरांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. कर्करोगाच्या रुग्णाला त्याचा रोग सांगू नये, अशीच सुमारे ९० टक्के डॉक्टरांची वहिवाट होती. तशीच प्रश्नावली १९७९ साली पुन्हा अमेरिकेतील डॉक्टरांपुढे ठेवली तेव्हा ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे निघाले. अठरा वर्षांत एवढी उलथापालथ झाली. त्या काळात औषधे सुधारली हे एक कारण. पण न सांगितल्यामुळे रोगी निश्चिंत राहतो ही समजूतच चुकीची असल्याचे लोकांना उमगले, हे दुसरे. रोगी बहुधा ओळखतो. मग तो ओळखले नाही असे दाखवितो, घरची माणसे लपविले नाही असे दाखवितात, आणि शेवटचे दिवस नाटकात जातात.

गुरुवारी पहाटे पाच वाजता परिचारिका आली. आईचे अंग पुसले, हिरवा झगा घातला. कवळी काढून पाण्याच्या वाटीत ठेवली. हातांतल्या दोन बांगड्या निघेनात, त्या साबण लावून काढल्या. एवढ्यानेच तिचे मनगट एकदम लहान मुलीसारखे दिसू लागले. मध्यरात्रीपासून अन्न बंद होते, पाणीही सहा वाजता बंद झाले. एका तरुण डॉक्टराने येऊन नाव विचारले, कोणता पाय ते विचारले, आणि उजव्या मांडीवर शाईने बाण काढला. मग दुसरी परिचारिका आली, तिनेही नाव विचारले. मग भूलतज्ज्ञ बाई आल्या, त्यांनीही. आई वैतागली. "मनगटावर लिहून बांधलंय की ह्यांनी, वाचता येत नाही का?" माझ्याही कपाळाला आठी पडली होती, पण ती अज्ञानाची होती. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी एकोणीस प्रश्नांची एक यादी तयार केली. भूल देण्यापूर्वी, सुरी लावण्यापूर्वी व रोगी बाहेर नेण्यापूर्वी ते प्रश्न मोठ्याने विचारावयाचे : नाव काय, कोणती शस्त्रक्रिया, कोणती बाजू, कशाची ॲलर्जी, बोळे मोजले का. दिल्लीसह जगातील आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूंचे प्रमाण शेकडा दीडवरून शेकडा ०.८ वर आले. एवढ्या प्रगत विद्येला नाव विचारण्यासारख्या साध्या गोष्टीने इतका हात द्यावा, याचे मला फार नवल वाटते. तेव्हा आपल्या माणसाला कोणी दहाव्यांदा नाव विचारले तर त्रागा करू नका. अकराव्यांदा विचारले नाही तर करा.

साडेसहाचा सुमार असेल. दादा चहाला गेला होता. कवळी नसल्यामुळे आईचे बोलणे किंचित बोबडे झाले होते.

"काल डॉक्टर वर्षाचं काय म्हणाले?"

मी गप्प राहिले.

"तुझ्याशी इंग्रजीत बोलले ते मला कळलं नाही. पण तुझ्या दादाला कानडीत सांगितलं ते कळलं. वर्ष म्हणजे वर्षच की गं, त्यांच्यातही. आणि ऐदु म्हणजे पाच. एवढं निपाणीच्या बाजारात भाजी घेताना सगळ्या पोरी शिकतात. पाचांतलं एक काय?"

मी सांगितले. जे वाक्य काल गाळले होते ते जसेच्या तसे सांगितले, एकही शब्द मऊ न करता. आवाज नीट राहिला नाही, पण वाक्य पुरे झाले.

आई काही वेळ छताकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "तुझ्या बाबांना आपण सांगितलं नाही. ते मला अजून टोचतं. माझ्या बाबतीत तसं करू नका. मला हिशेब लागतो." आणि खरोखरच ती हिशेबाला लागली. पोस्टातील पुस्तक कोणत्या डब्यात आहे. बांगड्यांपैकी एक वहिनीची, एक माझी. निपाणीच्या मावशीला फोन करून सांगायचे, मात्र पडले म्हणून सांगायचे, काही लपवायचे नाही. मी पाकिटाच्या मागे सारे लिहून घेतले. शेवटी ती म्हणाली, "आता डॉक्टरला बोलाव. मला एक विचारायचंय."

शल्यविशारद शस्त्रक्रियागृहाकडे जातच होते, ते आले. पाचांतल्या एकाविषयी आई विचारील असे मला वाटले होते. तिने विचारले, "मी माझी मी परसाकडे जाऊ शकेन का? की आमच्या आईसारखी पडून राहीन?" मी भाषांतर केले, या वेळी आजीच्या माजघरासकट. ते तिच्याजवळ वाकले व कानडीत सावकाश म्हणाले की, उद्या तुम्हांला उभे करणार, परवा चार पावले चालविणार, मी स्वतः पाहायला येईन. आईने माझ्याकडे भाषांतरासाठी पाहिलेच नाही. "मग करा," ती म्हणाली.

वाचकहो, भाषांतरकार म्हणून मी येथे थोडे थांबते. संमतीपत्रावरील सही म्हणजे पैसे भरल्याची पावती नव्हे. १६ जानेवारी २००८ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात याचा स्पष्ट निर्णय दिला आहे. एका प्रौढ स्त्रीला तपासणीसाठी भूल दिलेली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन मोठी शस्त्रक्रिया उरकली होती. न्यायालयाने सांगितले की, रोगी सज्ञान व समजण्याजोग्या स्थितीत असेल आणि प्राणावरचा तातडीचा प्रसंग नसेल, तर संमती त्याचीच पाहिजे, आईचीदेखील चालणार नाही. आणि उपचाराचे स्वरूप, त्यातील धोके, पर्याय, न केल्यास काय होईल, हे पुरेसे सांगितल्यावर दिलेली संमती हीच संमती. म्हणजे बुधवारी संध्याकाळी आईने केलेली सही, माझ्यापुरती तरी, अपुरी होती. डॉक्टरांनी आपले कर्तव्य केले होते. मधल्या दुभाषीने केले नव्हते. आपल्या देशात डॉक्टर एका भाषेत, परिचारिका दुसऱ्या भाषेत आणि रोगी तिसऱ्या भाषेत बोलतो, असे प्रसंग रोज हजारो घडत असतील, आणि बहुतेक ठिकाणी मधला दुभाषी हा रोग्याचा मुलगा, सून किंवा नातू असतो. त्याच्या हाती केवढी सत्ता असते, याचा त्याला पत्ताही नसतो.

ज्यांना ऐकण्याची इच्छा नाही त्यांच्यावर सारे लादावे, असे माझे म्हणणे नाही. काही माणसे सरळ सांगतात, "मला नका सांगू, पोराला सांगा." तोही त्यांचाच अधिकार. पण तसे त्यांना विचारले पाहिजे. आम्ही बाबांना विचारलेच नाही.

सव्वाआठला ढकलगाडी आली. दारापर्यंत बरोबर जाता येते. तेथे एक लाल पट्टी आखलेली असते आणि तिच्यापुढे आपले कोणतेही नाते चालत नाही. चष्मा माझ्या हातात देऊन आई आत गेली.

बाहेरच्या दालनात बसणाऱ्यांना तिकडे 'अटेंडर' म्हणतात. आम्ही वीसपंचवीस अटेंडर होतो. भिंतीवरील पडद्यावर रोग्यांचे क्रमांक व त्यांपुढे अवस्था दिसे. ते पाहताना रेल्वे स्थानकावर बसल्यासारखे वाटे, फक्त येथे गाडी उशिरा आल्याबद्दल कोणी कोणावर ओरडत नव्हते. एक ओडिया जोडपे लहान मुलाची वाट पाहत होते. एक बंगाली गृहस्थ कागदावर औषधांची नावे पुन्हा पुन्हा सुवाच्य अक्षरात उतरून काढीत होता. पहिली यादी चांगली असूनही. आनेकल गावातील एक बाई सुनेसाठी आल्या होत्या. त्यांनी स्टीलच्या डब्यातील नाचणीची मुद्दे व सारू मला आग्रहाने देऊ केले. मला भूक नव्हती, तरी मी खाल्ले, आणि खाल्ले ते बरे केले. सोबत्याने उपाशी राहिल्याने रोग्याला काडीचाही फायदा होत नाही. दादाने खाली जाऊन रक्तपेढीत रक्त दिले. परत आल्यावर तो एवढेच म्हणाला, "काल मी सही करणार होतो." मी म्हणाले, "आणि मी सांगितलं नव्हतं." त्यापुढे आम्ही दोघेही पडद्याकडे पाहत बसलो.

अकराला दहा मिनिटे असताना शल्यविशारद बाहेर आले. गोळा बसला, रक्त एक बाटली लागले, सारे ठीक. कमरेच्या मणक्यांत सुई देऊन भूल दिल्यामुळे आई आत जागीच होती. ही रीत ऑगस्ट बीअर या जर्मन डॉक्टराने १८९८ साली प्रथम वापरली. ती त्याने स्वतःवरही करून पाहिली व पुढे बरेच दिवस डोके धरून बसला. आईचे डोके दुखले नाही. तिची तक्रार निराळी होती. "सुताराच्या दुकानात बसल्यासारखं वाटलं. ठोकत काय होते, किसत काय होते. आणि गाणी लावली होती. ठोका तालावर पडत नव्हता."

दुपार बरी गेली. शस्त्रक्रिया झाली म्हणजे संकट टळले, असे आपण मानतो. पण खरी कसोटी रात्री लागली. नऊच्या सुमारास आईला भ्रम झाला. वृद्धांना अशा शस्त्रक्रियेनंतर हे पुष्कळदा होते, हे मला कोणी आधी सांगितले नव्हते, निदान मी ऐकले नव्हते. ते वेड नव्हे. बहुधा काही दिवसांत ओसरते. ओळखीचे माणूस उशाशी असावे, चष्मा व श्रवणयंत्र चढवावे, वेळ व जागा पुन्हा पुन्हा शांतपणे सांगावी, उजेड असावा, आणि डॉक्टरांना लगेच कळवावे, कारण कधी कधी त्यामागे ताप, वेदना किंवा लघवी तुंबणे असे कारण असते. मी कळविले. त्यांनी तपासून वेदनेचे औषध बदलले.

मला कठीण गेले ते दुसरेच. आई बोलत होती ती कानडीत. अस्खलित, भरभर, लहान मुलीच्या आवाजात. पन्नास वर्षे घराबाहेर ठेवलेली भाषा आत आली होती, आणि तिच्यात मला एक शब्द कळत नव्हता. माझी आई माझ्यासमोर बोलत होती आणि मी, भाषांतरावर जगणारी, मुकाट बसले होते. डबा देणाऱ्या आनेकलच्या त्या बाई सुनेच्या खाटेवरून उठून आल्या. त्यांना मोडकीतोडकी हिंदी येत होती.

"काय म्हणते?" मी विचारले.

"पाऊस आला म्हणतात. अंगणातली तंबाखूची पानं आत घ्या, भिजतील म्हणतात."

आई पुन्हा काही म्हणाली. बाई थोड्या घुटमळल्या. "काही नाही हो, असंच," त्या म्हणाल्या.

ते "असंच" मी ओळखले. बुधवारचे माझे वाक्य त्याच जातीचे होते. मी त्यांचा हात धरला व म्हणाले, "जे म्हणाली ते सगळं सांगा."

"आपली आई कुठं आहे विचारतात. ती आत निजलीय, उठत नाही, तिला उठवा म्हणतात."

मी आईच्या डोळ्यांवर चष्मा चढविला. तिला सांगितले की हे आनेकल आहे, आज गुरुवार आहे, रात्रीचे साडेनऊ झाले आहेत, तू पडली होतीस, तुझा पाय नीट केला आहे, मी येथे आहे. मी मराठीत सांगे व त्या बाई तेच कानडीत सांगत. असे आम्ही दोघींनी मिळून मध्यरात्रीपर्यंत किती वेळा सांगितले ते आठवत नाही. दोनच्या सुमारास ती झोपली.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता व्यायाम शिकविणारा एक कोवळा तरुण वॉकर घेऊन आला. आईला रात्रीचे काही आठवत नव्हते. तिला आठवायला नको होते असेही नाही, तिने मला विचारले आणि मी सांगितले. तंबाखूचे ऐकून ती हसली, आजीचे ऐकून हसली नाही. त्या मुलाने मला इंग्रजीत सांगितले की आज फक्त उभे राहायचे, आणि तिला सांगा, भार दोन्ही पायांवर द्यायचा. मी तोंड उघडले, तोच आईने त्याला कानडीत काहीसे विचारले. तो चकित झाला व कानडीत बोलू लागला. मी बाजूला सरले.

आईने वॉकरच्या दांड्या धरल्या. त्याने कमरेला आधार दिला. ती उठली, ओठ घट्ट मिटून उभी राहिली आणि मोजू लागली. "ओंदु. एरडु. मूरु." ऐदुपर्यंत गेली, आणि खाटेवर बसली.

"पुरे," ती मला मराठीत म्हणाली. "डॉक्टर येणार होते, त्यांना सांग, आज उभी राहिले. आणि कवळी दे माझी."